वीस वर्षांपूर्वीचा घोटाळा आज कोर्टात कसा चालतो? नेत्यांवरच्या खटल्यांची मुदत, सोप्या भाषेत

२२ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरच्या न्यायालयाने सावनेरचे तेव्हाचे आमदार आणि माजी मंत्री सुनील केदार यांना पाच वर्षांची शिक्षा सुनावली. प्रकरण होतं नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतल्या सुमारे दीडशे कोटी रुपयांचं, आणि गुन्हा दाखल झाला होता २००२ मध्ये. केदार यांनी निकालाविरुद्ध अपील केलं, पण आमदारकी लगेच गेली.

त्या दिवशी मला दोन प्रकारचे लोक भेटले. एकांचा प्रश्न होता, "एकवीस वर्षांनी केस चालतेच कशी? मुदत संपत नाही का?" दुसरे विचारत होते, "एकवीस वर्षं लागलीच कशी? ठेवीदारांनी तोवर काय करायचं?" पहिल्यांना वाटत होतं की कायद्याने वेळ जास्त दिला, दुसऱ्यांना वाटत होतं की कायद्याने वेळ घालवला. दोघंही वेगवेगळ्या मुदतीबद्दल बोलत होते आणि दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आधी मुदत म्हणजे काय ते पाहू

समजा शेजाऱ्याने बारा वर्षांपूर्वी तुमचा बांध कोरला. तुम्ही तेव्हा गप्प बसलात आणि आज तक्रार करताय. त्या वेळी शेतात असलेले दोघं वारले, तिसऱ्याला नीट आठवत नाही, आणि मधल्या काळात नदीच्या पुराने बांधाचा आकारच बदलला. शेजारी खरोखर निर्दोष असला तरी आज तो ते कशाच्या जोरावर दाखवणार? म्हणून कायदा सांगतो की तक्रार ठरावीक काळात करा, नाहीतर न्यायालय दखल घेणार नाही. 'दखल घेणं' म्हणजे न्यायालयाने प्रकरण सुनावणीसाठी हातात घेणं. या ठरलेल्या काळाला कायद्यात 'परिसीमा' म्हणतात. पुढे मी साधं 'मुदत'च म्हणेन.

मुदतीमागचं आणखी एक कारण माझ्या दृष्टीने मोठं आहे. किरकोळ गुन्ह्याची तलवार एखाद्याच्या डोक्यावर जन्मभर टांगती राहिली, तर ती धरून त्याला कोणीही वाकवू शकतं. नेत्याच्या बाबतीत हा धोका जास्त, कारण त्याला वाकवण्यात पुष्कळांना रस असतो.

आपल्याकडे ही मुदत शिक्षेवरून ठरते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत जे आकडे होते, तेच १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आले आहेत. ज्या गुन्ह्याला फक्त दंड आहे, त्याला सहा महिने. ज्याला जास्तीत जास्त एक वर्ष कैद होऊ शकते, त्याला एक वर्ष. एक ते तीन वर्षं कैद असेल, तर तीन वर्षं. आणि तीन वर्षांहून जास्त शिक्षा होऊ शकणाऱ्या गुन्ह्याला मुदतच नाही.

या कलमात 'नेता', 'मंत्री', 'आमदार' असा शब्द कुठेही नाही. गुन्हा केवढा, एवढंच पाहिलं जातं.

आता केदार प्रकरणाकडे परत या. विश्वासाने सोपवलेल्या पैशाचा लोकसेवकाने किंवा बँकरने अपहार केला, तर जुन्या दंड संहितेच्या कलम ४०९ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. त्यामुळे मुदतीचा प्रश्नच येत नाही. लाचेचंही तसंच. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लोकसेवकाने लाच घेतल्यास सात वर्षांपर्यंत आणि पदाच्या गैरवर्तनाला दहा वर्षांपर्यंत कैद आहे. १९९५ ची लाच २०२५ मध्ये उघड झाली, तरी "आता उशीर झाला" एवढ्या कारणावर न्यायालय दार बंद करत नाही.

एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०१३ च्या लोकपाल कायद्याच्या कलम ५३ नुसार गुन्हा घडल्यापासून सात वर्षांनंतर आलेली तक्रार लोकपाल हातात घेऊ शकत नाही. त्याच गुन्ह्यासाठी पोलिसांचा रस्ता मात्र उघडा राहतो. लोकपालसाठी २०११ मध्ये रामलीला मैदानावर आणि आपल्या गावोगावच्या चौकांत जी माणसं बसली होती, त्यांच्यापैकी कितीजणांना ही सात वर्षांची अट ठाऊक असेल, असा विचार मनात येतो आणि वाईट वाटतं.

मग वीस-वीस वर्षं जातात कुठे?

पहिला मोठा थांबा परवानगीचा. मंत्री किंवा अधिकारी यांच्यावर पदाशी संबंधित गुन्ह्याचा खटला भरायचा, तर त्यांना पदावरून दूर करू शकणाऱ्या अधिकाऱ्याची किंवा सरकारची परवानगी लागते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम १९ हेच सांगतं. हेतू चांगला आहे. तहसीलदाराने अतिक्रमण हटवलं म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच्यावर वीस खोट्या केसेस पडल्या, तर उद्या कोणीच काम करणार नाही.

पण या दाराशी काय होऊ शकतं, याचं सगळ्यात तपशीलवार उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे.

बॅ. अ. र. अंतुले १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. त्यांच्या पुढाकाराने निघालेल्या ट्रस्टला मिळालेल्या देणग्या आणि सिमेंटचं वाटप यांचा परस्परसंबंध आहे, असा आरोप झाला. आज दुकानात हव्या तितक्या गोण्या मिळतात. तेव्हा सिमेंटला परमिट लागायचं आणि घराचा स्लॅब टाकायला लोक महिनोन्महिने थांबायचे. १९८१ मध्ये अरुण शौरी यांनी 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये प्रकरण बाहेर काढलं. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. लेंटिन यांच्या निकालानंतर अंतुले यांनी राजीनामा दिला. भाजपचे रामदास नायक यांनी फिर्याद केली आणि राज्यपालांनी परवानगीही दिली.

इथपर्यंत सगळं एका वर्षात झालं. पुढचं सावकाश वाचा.

१९८३ मध्ये विशेष न्यायाधीशांनी अंतुले यांना सोडून दिलं. कारण असं दिलं की मुख्यमंत्रिपदासाठीची परवानगी आहे, पण ते अजून आमदार आहेत आणि आमदार म्हणून वेगळी परवानगी घेतलेली नाही. फेब्रुवारी १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे चूक ठरवलं. ज्या पदाचा गैरवापर झाल्याचा आरोप आहे, ते पद सोडलं असेल तर परवानगीचा प्रश्न उरत नाही, असं सांगून न्यायालयाने खटला उच्च न्यायालयाकडे वर्ग केला. तिथे सुनावणी सुरू झाली. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच सात न्यायाधीशांनी म्हटलं की १९८४ मध्ये खटला उच्च न्यायालयाकडे पाठवणंच चुकीचं होतं, तो विशेष न्यायाधीशांकडेच चालायला हवा. खटला परत खाली. मग अंतुले यांच्या बाजूने अर्ज आला की एवढा विलंब झाला आहे, आता खटलाच रद्द करा. डिसेंबर १९९१ मध्ये पाच न्यायाधीशांनी तो नाकारला.

दहा वर्षं झाली होती आणि "दोषी की निर्दोष" या एका प्रश्नाचं उत्तर अजून कोणीच दिलेलं नव्हतं. कोणी चालवायचा आणि कोणाला विचारून चालवायचा, यातच दशक गेलं. १९९५ मध्ये अंतुले केंद्रात मंत्री झाले. त्यांचे समर्थक म्हणतील की निष्कारण बदनामी वाहावी लागली, विरोधक म्हणतील की सुटले. दोघांनाही निकाल मिळाला नाही, आणि मला यात सर्वांत जास्त तेच खटकतं.

परवानगी देणाऱ्यावर मुदतीचं बंधन आहे का?

आता आहे, पण अर्धवट. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विनीत नारायण खटल्यात तीन महिन्यांची मर्यादा सांगितली होती. ती किती पाळली गेली? तेव्हाचे केंद्रीय दूरसंचार मंत्री ए. राजा यांच्यावर खटला भरायला परवानगी द्या, असं पत्र सुब्रमण्यम स्वामी यांनी नोव्हेंबर २००८ मध्ये पंतप्रधानांना लिहिलं. उत्तर आलं मार्च २०१० मध्ये, म्हणजे सोळा महिन्यांनी. २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या विलंबावर स्पष्ट नाराजी नोंदवली. (मोबाइल लहरींच्या वाटपाच्या त्या टू-जी प्रकरणात विशेष न्यायालयाने २०१७ मध्ये सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं. परवानगी मिळणं म्हणजे गुन्हा शाबीत होणं नव्हे, हे इथे स्वच्छ दिसतं.)

२०१८ मध्ये ही मर्यादा कायद्यातच आली. तीन महिने, आणि कायदेशीर सल्ला हवा असेल तर आणखी एक महिना. पण त्याच दुरुस्तीने पद सोडलेल्या लोकसेवकालाही परवानगीचं कवच दिलं, जे अंतुले निकालानुसार नव्हतं. शिवाय कलम १७अ घालून तपास सुरू करण्याआधीच एक परवानगी आणली, जर आरोप सरकारी निर्णयाबद्दल किंवा शिफारशीबद्दल असेल तर. एका दाराच्या जागी दोन दारं झाली.

चार महिने उलटूनही उत्तर आलं नाही, तर? ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही मर्यादा बंधनकारक आहे, पण ती मोडली म्हणून खटला रद्द होणार नाही. विलंब करणारा अधिकारी त्याला जबाबदार राहील. मात्र परवानगी आपोआप मिळाली, असंही मानलं जात नाही. इथे एक विसंगती आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ मध्ये १२० दिवसांत सरकारने निर्णय घेतला नाही, तर परवानगी मिळाली असंच समजतात. म्हणजे कर्तव्य बजावताना केलेल्या इतर गुन्ह्यांसाठी मौन म्हणजे होकार, आणि भ्रष्टाचारासाठी मौन म्हणजे नुसतं मौन. खरं तर हे उलट असायला हवं होतं.

"खटल्यालाच मुदत घाला ना! दोन वर्षांत निकाल नाही, तर केस बंद."

हा उपाय ऐकायला फार बरा वाटतो. इटलीत काय झालं ते पाहिलं की भीती वाटते. तिथे मुदतीची गणती खटला सुरू झाल्यावर थांबत नसे. अपील, पुन्हा अपील, या सगळ्या काळात ती चालूच राही. माजी पंतप्रधान सिल्व्हियो बर्लुस्कोनी यांच्यावरचे अनेक खटले असेच मुदत उलटल्याने संपले. फेब्रुवारी २०१२ मध्ये मिलानच्या न्यायालयाने वकिलाला लाच दिल्याचा खटला याच कारणाने बंद केला. अशा व्यवस्थेत महागड्या वकिलाचं काम सोपं होतं. अशिलाला निर्दोष ठरवायची गरजच नाही, फक्त तारखा घेत राहायच्या.

भारतात तसं नाही. तक्रार मुदतीत दाखल झाली की मुदतीची गणती तिथेच थांबते, न्यायालयाने दखल नंतर घेतली तरी चालतं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये हे पक्कं केलं. आपण बसची वाट पाहत रांगेत वेळेवर उभे राहिलो, तर बस उशिरा आल्याचा दोष आपल्यावर येत नाही, तसंच. खटल्याला एकच ठोकळेबाज मर्यादा घालता येणार नाही, हेही सात न्यायाधीशांनी २००२ मध्ये सांगितलं. त्यांचा आधार होता तोच १९९१ चा अंतुले निकाल. विलंब कोणामुळे झाला, किती झाला, गुन्हा केवढा आहे, हे त्या त्या प्रकरणात पाहायचं.

मग दुसऱ्या बाजूचं दुखणं उरतंच, आणि त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण तमिळनाडूचं आहे. जयललितांच्या १९९१ ते ९६ च्या काळातल्या बेहिशेबी मालमत्तेचं प्रकरण १९९६ मध्ये सुरू झालं. २०१४ मध्ये बेंगळुरूच्या विशेष न्यायालयाने दोषी ठरवलं, २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयाचा निकाल पुन्हा उभा केला. तोवर डिसेंबर २०१६ मध्ये जयललितांचं निधन झालं होतं. त्यांच्यापुरता खटला तिथेच संपला. माणसाचं आयुष्य ही एकच मुदत त्या प्रकरणात खऱ्या अर्थाने संपली.

विलंबाचा नेत्याला थेट फायदा होतो, तो का तेही समजून घ्या. नुसत्या आरोपाने कोणी अपात्र होत नाही. साधारणपणे दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली, तरच लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ खाली सदस्यत्व जातं आणि सुटकेनंतर सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली दोषी ठरलं तर शिक्षेचा आकडाही पाहिला जात नाही. २०१३ पर्यंत विद्यमान सदस्याला अपिलासाठी तीन महिन्यांची सवलत होती, ती सर्वोच्च न्यायालयाच्या लिली थॉमस निकालाने गेली. त्यामुळे आता निकालाचा दिवस फार धारदार झाला आहे, आणि तो पुढे ढकलण्याची ओढही तितकीच वाढली आहे.

न्यायालयाने प्रयत्न केले नाहीत असं नाही. मार्च २०१४ मध्ये आदेश निघाला की खासदार-आमदारांवरचे असे खटले आरोपनिश्चितीपासून एका वर्षात संपवा, जमेल तिथे रोज सुनावणी घ्या. २०१७ मध्ये १२ विशेष न्यायालयं मंजूर झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच मान्य केलं की देशभराला एक वेळापत्रक लावणं अवघड आहे, आणि देखरेख उच्च न्यायालयांवर सोपवली.

"पण जुनी प्रकरणं विरोधकांना छळायलाच काढतात!"

काढतात, आणि हा आक्षेप मी हलका मानत नाही. सत्ता बदलली की फाइलवरची धूळ झटकली जाते, पक्ष बदलला की तीच फाइल पुन्हा कपाटात जाते, असं सगळ्या पक्षांच्या राज्यात लोकांनी पाहिलं आहे. पण मोठ्या गुन्ह्यांना मुदत घालून हे थांबणार नाही. उलट पाच-दहा वर्षं सत्तेत टिकून राहणं हाच सुटकेचा मार्ग होईल. ग्रीसमध्ये मंत्र्यांसाठी तसंच होतं. संसदेने खटल्याचा निर्णय पुढच्या संसदेच्या दुसऱ्या अधिवेशनाच्या आत घ्यायचा, नाहीतर विषय संपला. लोकांच्या रोषानंतर २०१९ मध्ये त्यांना राज्यघटनेतली ही तरतूद काढावी लागली.

आपल्याकडे असं संरक्षण फक्त राष्ट्रपती आणि राज्यपालांना आहे, तेही पदावर असेपर्यंतच. कल्याणसिंह राजस्थानचे राज्यपाल असल्याने २०१७ मध्ये बाबरी प्रकरणात त्यांच्यावर आरोप ठेवता आले नाहीत. २०१९ मध्ये पद संपलं आणि त्याच महिन्यात ते न्यायालयात उभे राहिले. २०२० मध्ये ते निर्दोष सुटले.

मुदत खरोखर कुठे संपते?

आता जो भाग मला मुळात सांगायचा होता, तिकडे येतो. मोठ्या घोटाळ्याला मुदत नाही म्हणून आपण चिडतो किंवा निश्चिंत होतो. ज्या गुन्ह्यांचा मतदाराशी सगळ्यात जवळचा संबंध आहे, त्यांची मुदत मात्र डोळ्यांदेखत संपून जाते.

निवडणूक याचिका घ्या. उमेदवाराने गैरप्रकार करून निवडणूक जिंकली असं वाटलं, तर निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात जायचं. सेहेचाळिसाव्या दिवशी दार बंद. दाखल करायला ४५ दिवस, आणि निकालाला? विलेपार्ल्याची पोटनिवडणूक डिसेंबर १९८७ मध्ये झाली. धर्माच्या नावाने मतं मागितली म्हणून डॉ. रमेश प्रभू यांची निवड उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रद्द केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं डिसेंबर १९९५ मध्ये. तोवर त्या विधानसभेची मुदत संपून पाच वर्षं उलटली होती.

मतदाराला पैसे वाटणं, म्हणजे निवडणुकीतली लाच, याला जास्तीत जास्त एक वर्ष कैद आहे. म्हणून मुदतही एकच वर्ष.

आणि प्रतिज्ञापत्र. अर्ज भरताना उमेदवार स्वतःवरचे गुन्हे, जमीन, सोनं, कर्ज सगळं लिहून देतो. त्यात खोटं लिहिलं किंवा लपवलं, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली जास्तीत जास्त सहा महिने कैद. वरचे आकडे आठवा. एक वर्षाच्या आतली शिक्षा, म्हणून एक वर्षाची मुदत. आमदार निवडून येतो पाच वर्षांसाठी. तिसऱ्या वर्षी तुम्हाला कळलं की पत्नीच्या नावावरचा प्लॉट प्रतिज्ञापत्रात नव्हताच, तर पहिला प्रश्न खरं-खोटं हा नसतो, मुदतीचा असतो. गुन्हा माहीतच नव्हता, तर कळल्या दिवसापासून मुदत मोजता येते, आणि न्यायाच्या हितासाठी न्यायालय उशीर माफही करू शकतं. पण प्रतिज्ञापत्र पहिल्या दिवसापासून सर्वांसमोर होतं, तेव्हाच का पाहिलं नाही, असा प्रतिवाद समोरून येणार. शिवाय ज्याला कळल्यापासून मुदत मोजायची ती 'बाधित व्यक्ती' कोण, साधा मतदार बाधित धरायचा का, यावरही घासाघीस होते.

उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर येतात. निवडणुकीच्या आठवड्यातच ती उतरवून ठेवा, त्यावर तारीख लिहा, आणि तुमच्या माहितीशी जुळतात का ते तेव्हाच पाहा. वर्षभरात केलेल्या तक्रारीला उत्तर द्यावं लागतं, तिसऱ्या वर्षीच्या तक्रारीला आधी मुदतीची भिंत ओलांडावी लागते.

विधी आयोगाने फेब्रुवारी २०१४ मध्ये आपल्या २४४व्या अहवालात ही शिक्षा किमान दोन वर्षांची करा आणि खोट्या प्रतिज्ञापत्रावरून अपात्र ठरवा, असं सुचवलं होतं. तसं झालं असतं, तर मुदतीचा हिशोबही बदलला असता. कलम १२५अ मध्ये मात्र आजही सहा महिनेच लिहिलेले आहेत.